उभ्या गाडीची थरथर

संघपालचा उजवा हात त्याला न विचारता हलत होता. बार्शी नाक्याजवळच्या मेडिकलसमोर गाडी चालू ठेवून तो रोहिणीची वाट बघत होता. बंद केलेली ही गाडी पुन्हा चालू होईलच अशी खात्री नसल्यामुळं थोडक्यासाठी तो ती बंद करत नसे. पेट्रोल जळायचं, पण चारचौघांत धक्का मारायची वेळ येत नसे. हात मांडीवर पडला होता. अंगठा तर्जनीवरून सरकत होता, मागं येत होता, पुन्हा सरकत होता. सावकाश, बिनघोर, जणू हाताला काहीतरी आठवायचं होतं आणि नेमकं तेच आठवत नव्हतं. आपल्या अंगणात दुसऱ्याचं करडू शिरून कुंडीतलं झाड खाताना दिसावं आणि त्याला हाकलायच्या आधी माणसानं ‘हे कुणाचंय बरं’ म्हणून बघत राहावं, तसा संघपाल हाताकडं बघत राहिला. मग त्याचं लक्ष आरशाकडं गेलं. आरसा थरथरत होता. आरशातली मेडिकलची पाटी थरथरत होती. डॅशबोर्डवर चिकटवलेली बुद्धाची बोटभर मूर्ती थरथरत होती, आणि एवढ्या थरथरीतही तिच्या चेहऱ्यावरची शांती जागची हलली नव्हती, हा त्या मूर्तिकाराचा मोठेपणा. बाटलीतल्या पाण्यावर बारीक वळं उमटत होती. संघपालनं छाती भरून श्वास घेतला. सगळी गाडीच थरथरतेय की. हात हा गाडीतला प्रवासी आहे, आणि प्रवासी हलणारच. किल्ली फिरवून गाडी बंद केली असती आणि हाताकडं पाहिलं असतं, तर एका क्षणात सोक्षमोक्ष लागला असता. त्यानं किल्ली फिरवली नाही. रोहिणी पिशवी घेऊन आली, दार ओढून बसली आणि म्हणाली, “अहो, गाडी कामून एवढी थरथरायलीय?” संघपालला एवढा आनंद झाला की तो सीटवर वळूनच बसला. “व्हय ना? तुलाबी जाणवतंय ना?” “मेलेल्याला जाणवंल,” रोहिणी म्हणाली, “दातावर दात वाजायलेत माझे. दाखवा की कुणाला तरी.” दाखवतो, दाखवतो, असं तो म्हणाला, आणि पहिला गियर टाकून उजव्या हातानं त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं. हात जागच्या जागी शांत झाला. गाडी पळायला लागली तशी तीही शांत झाली.

त्या दिवसापासून त्यानं एक शिस्त लावून घेतली. गाडी बंद केली रे केली की हाताला काम द्यायचं. किल्ली काढायची, फोन उचलायचा, पिशवी धरायची, खिडकीची काच खाली-वर करायची. हात रिकामा दिसता कामा नये. गाडीत, इंजिन चालू असताना, मात्र त्याला मोकळीक होती. तिथं हात हलला तर ती गाडीची जबाबदारी. घरी हात उशीखाली, लॅबमध्ये ॲप्रनच्या खिशात. लॅबमध्ये म्हणजे धाराशिवातल्या एका रक्ततपासणीच्या दुकानात, जिथं संघपाल सकाळपासून लोकांच्या कोपरात सुई घालायचा आणि लोक त्याला आशीर्वाद द्यायचे. त्याचा हात हलका होता. गावोगावच्या म्हाताऱ्या दुसऱ्या कुणापुढं दंड करत नसत. ईट गावाहून येणारी बानूबाई तर बाकावर बसून राहायची, आत दुसरा पोरगा मोकळा असला तरी. “मला त्या तात्यारावच्या लेकाकडनंच टोचून घ्यायचंय. त्यो टोचतोय ते कळत न्हाय, पैसे देतानाच कळतंय.” सुई हातात आली की हात दगडासारखा स्थिर. शीर कितीही बारीक असो, पहिल्याच टोचणीत रक्त. तेवढ्यापुरतं सगळं ठीक. पण नळीला चिठ्ठी लावून झाली, ती स्टँडमध्ये ठेवली, पुढचा माणूस बाही वर करेपर्यंत हात मोकळा राहिला, की अंगठा निघालाच फिरायला. एखाद्या म्हातारीनं हे एकदा पाहिलं, की बाकावर बातमी पसरायला वेळ लागणार नव्हता. थरथरत्या हाताच्या माणसाकडून कोण सुई टोचून घेईल? आणि संघपालला दुसरं काही येत नव्हतं. विनोद असा की त्याच्या लॅबमध्ये साखर, थायरॉईड, कावीळ, माणसाच्या रक्तातलं नको नको ते निघायचं. पण या एका गोष्टीची तपासणी रक्तात होत नव्हती. तरी त्यानं एकदा सगळे गेल्यावर स्वतःचं रक्त काढून मशीनला लावलं. सगळं नॉर्मल आलं. एवढा नॉर्मल माणूस त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

गाडी तात्यारावांची. तात्याराव म्हणजे संघपालचे वडील, ढोकीच्या बाजूला साखर कारखान्याची जीप चालवून रिटायर झालेले. कारखान्याच्या एका साहेबानं वापरून सोडलेली ही पांढरी गाडी त्यांनी घेतली आणि तेर गावातल्या घरासमोर अशी उभी केली, की गल्लीतल्या लोकांना भिंतीला पाठ घासत जावं लागे. रिटायर व्हायच्या आधीच कधीतरी त्यांचा हात सुरू झाला होता. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही, कारण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. उजवा हात नुसता ठेवला की हलतो, म्हणून ते तो डाव्या तळव्यावर ठेवायचे आणि धरून बसायचे. आता असं बघा: एक वयस्क ड्रायव्हर, कारखान्याच्या गेटवर जीपला टेकून बसलाय, डावा तळवा पसरलेला, त्यावर उजवा हात, आणि अंगठा सारखा फिरतोय. बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसणार. पहिल्यांदा एक वजनकाट्यावरचा माणूस येऊन शेजारी उभा राहिला आणि सहज, सवयीनं, तळहात पुढं केला. “द्या की, तात्याराव, चिमूटभर.” तात्याराव त्या तळहाताकडं बघत राहिले असणार. दर पौर्णिमेला विहारात उभं राहून पाचही शीलं खणखणीत आवाजात म्हणणारा हा माणूस. सुपारीच्या खांडालाही त्यांनी कधी तोंड लावलं नव्हतं, पानाच्या टपरीवर उभा दिसला म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं. “संपली,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून तंबाखूची चंची आणली, चुन्याची डबी आणली, आणि मळून वाटायला सुरुवात केली. स्वतः खात नव्हते. नुसती मळायची आणि मागेल त्याला द्यायची. पाहता पाहता त्यांचं नाव झालं. तात्यारावच्या हातची तंबाखू म्हणजे लोण्यासारखी बारीक. उसाच्या गाड्या घेऊन आलेले लांबलांबचे लोकही आधी जीप कुठं उभी आहे ते बघायचे. घरात मात्र आग लागली. चांगुणा, म्हणजे संघपालची आई, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी खिरीचं पातेलं खाली ठेवून म्हणाली होती, “विहारात जाऊन हात जोडताव, आन् त्याच हातानं हे मळताव? लाज न्हाय वाटत?” तात्यारावांनी खाली मान घातली आणि चंची खिशात टाकली. शील मोडल्याचा ठपका त्यांनी निमूट घेतला. हात हलतो एवढं म्हणायला त्यांना शील मोडण्याहून जड गेलं. संघपाल तेव्हा नुकताच लॅबमध्ये लागला होता आणि नव्या नोकरीतल्या माणसाला असतो तसा जगाला सुधारण्याचा जोर त्याला होता. तोंडाच्या कॅन्सरचा, फाटलेल्या गालाचा रंगीत कागद त्यानं लॅबच्या भिंतीवरून काढून आणला आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवला, कारण चंची त्या खणातच असायची. चंची घ्यायची तर गाल बघून घ्यायची. तात्याराव रोज झाकण उघडायचे, तो गाल बघायचे, आणि चंची काढायचे. एकदा फक्त म्हणाले, “हे चित्र नीट चिकटलं न्हाय रं, कोपरा उचलायलाय.”

पाय घसरू लागले, चेहरा लाकडासारखा झाला, घास चावायला अर्धा दिवस जायला लागला, तेव्हा त्यांना सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “हात कधीपासून हलतोय?” चांगुणा लगबगीनं म्हणाली, “तंबाखूची लत लागल्यापासून.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तात्यारावांचा रिकामा हात मांडीवर ठेवायला लावला, आणि खोलीतले सगळे त्या हाताकडं बघत राहिले; हात हलत होता, आणि त्या हातात तंबाखू नव्हती. कंपवात आहे, उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर गोळ्यांवर बरीच वर्षं हिंडते-फिरते राहिले असते. हे वाक्य संघपालच्या डोक्यात कायमचं मुक्कामाला आलं. वडील जाऊन आता दोन पावसाळे झाले. वाक्य गेलं नाही. तात्यारावांमागं चंची डॅशबोर्डच्या खणातच राहिली, तिच्यावरचा गालही तसाच. तो खण कुणी उघडत नव्हतं.

शिवराजनं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. शिवराज म्हणजे संघपालचा शाळेतला जोडीदार. सांजा रोडला त्याचं गॅरेज, आणि चूक निघाली तरी आवाज खाली न येण्याची देणगी. “मिसिंग मारायलीय,” तो म्हणाला. “तीन नळ्यांचं इंजिन, त्यातल्या एका नळीत आग धड पेटंना. दोघं ओढायलेत, तिसरा झोपलाय. बग, रेस दिली की कशी गप होती. सोडली की थरथर. म्हंजी काय, हिला काम पायजे. रिकामी बसली की हिचं डोकं फिरतंय.” संघपाल हसला. मग हसतच राहिला. शिवराजनं पाना खाली ठेवून त्याच्याकडं पाहिलं. “एवढं हसण्यासारखं काय बोललो रं म्या?” “काय न्हाय,” संघपाल म्हणाला, “तू लई हुशार झालास.” मग शिवराजनं चालू इंजिनवर वाकून प्लगची एकेक वायर उपटून बघायला घेतली. उपटल्यावर इंजिन लंगडलं तर ती नळी कामाची. उपटली तरी इंजिनला पत्ताच लागला नाही तर तिथला माल मेलेला. एक उपटली, इंजिन कण्हलं. दुसरी उपटली, पुन्हा कण्हलं. तिसरी उपटली, इंजिन आपलं होतं तसंच थरथरत राहिलं. “सापडला,” शिवराज म्हणाला. संघपालचं मन तिथून सुटलं आणि आपल्याच वायरी उपटत निघालं. लॅबमधून संघपालला उपटला तर लॅब लंगडेल? दोन दिवस म्हाताऱ्या कण्हतील, मग नव्या पोरापुढं दंड करतील. तेरमधून उपटला तर? आई रविवारी दाराकडं बघेल. रोहिणीतून उपटला तर? इथं त्याला नीट अंदाज येईना. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिकवायची, घर चालवायची, गॅसचा नंबर लावायची, विजेचं बिल भरायची. तिच्या इंजिनात तो कितवी नळी होता, कोण जाणे. आणि हात असाच पुढं गेला, पाय घसरायला लागले, चेहरा लाकूड झाला, तर वायर उपटायचीही गरज नव्हती. तो नुसता जागेवर असेल आणि इंजिनला पत्ता लागणार नाही.

नवा प्लग बसला आणि थरथर कमी झाली. हे संघपालला आसनाखाली, पाठीच्या कण्यात, लख्ख कळलं. “कमी झाली का न्हाय?” शिवराजनं विचारलं. “न्हाय,” संघपाल म्हणाला. “लेका, मला हितं उभ्यानं कळायलंय.” “तुला कळत असंल. आत बसलं की तशीच हाय.” मग शिवराजनं हवा जायचा रस्ता खोलला, कारण इंजिन रिकाम्यावर चालतं ते तेवढ्याशा हवेवर, आणि तिथं काजळी धरली की हवेचा घोट अडकतो. काजळी निघाली ती खरवडलेल्या तव्यासारखी. थरथर आणखी कमी झाली. “आता?” “हाय तशीच.” गॅरेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी आपापलं मत दिलं. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये पाणी आहे, कुणी म्हणालं चाकाचं बॅलन्सिंग; उभ्या गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग कसं बिघडेल असं त्याला कुणी विचारलं नाही. शरणबसप्पा नावाचे एक टेम्पोवाले सीमेपलीकडून भुसार घेऊन यायचे, त्यांनी बॉनेटला कान लावला आणि गंभीरपणे सांगितलं की गाडीला मालकाची आठवण येतेय. संघपाल प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा, प्रत्येकाला चहा पाजायचा. त्याला आजाराचं निदान हवं होतं, इलाज नको होता. गाडी आजारी आहे असं गावानं एकमतानं ठरवावं आणि तिला तसंच राहू द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याच्यासाठी मंडळी दर आठवड्याला जमत होती, आणि दर आठवड्याला गाडी बरी होत चालली होती, आणि दर आठवड्याला त्याच्या हाताची बाजू लंगडी पडत होती. आरसा आता जवळजवळ स्थिर दिसायचा. पाण्यावरची वळं विरळ झाली होती. मूर्ती कधी हलते, कधी नाही. हात मात्र आहे त्याच लयीत. पेट्रोल पंपावर रांगेत उभा असताना एकदा त्यानं मुद्दाम आरशाची थरथर आणि अंगठ्याची थरथर यांची जोडी लावून पाहिली. जुळत नव्हती. आरसा घाईत होता; अंगठा निवांत. त्यानं आरसा वळवून टाकला.

शेवटी रोहिणीनंच शिवराजला फोन केला. “भावजी, येत्या रविवारी आम्हाला सासूबाईंकडं तेरला जायचंय. त्याच्या आत गाडी धड करा, न्हायतर मी बसनं जाते आन् तुमच्या दोस्ताला गॅरेजातच गादी घाला.” त्या संध्याकाळी शिवराज गाडीखाली शिरला तो जिद्दीनं. गिऱ्हाइकाला ‘चालतंय की’ म्हणून वाटेला लावणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा इरेला पेटला होता, आणि ते नेमकं संघपालच्या नशिबी आलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक काळं, चिरडलेलं रबर होतं, शिळ्या भाकरीसारखं भेगाळलेलं. “फाउंडेशन,” तो म्हणाला. “इंजिन ज्याच्यावर बसतंय ते. हे गेलं हुतं.” “राहू दे ते,” संघपाल म्हणाला. “काय?” “जुनी गाडी हाय. थोडी हलणारच. राहू दे.” शिवराजनं हात पुसले. “तुझं डोकं ठिकाणावर हाय का? आजार सापडला तर म्हणतोस राहू दे? आरं, इंजिन थरथरायचं कधी थांबतच नसतंय. नव्या कोऱ्या गाडीचंबी थरथरतंय. हे रबर ते गिळतंय आन् तुला कळू देत न्हाय, एवढंच. तुझ्या बापाच्या काळातलं हुतं हे. लई गिळलं त्यानं. आता फाटलं.” संघपालनं ते रबर हातात घेतलं. ते बोटांनी दाबलं. त्यात काही उरलं नव्हतं. त्याला त्या गॅरेजात, त्या ऑइलच्या वासात, एकदम रडू येईल असं वाटलं, आणि रबरासाठी रडणारा माणूस कसा दिसेल या विचारानं आलेलं रडू थांबलं.

नवं फाउंडेशन बसलं. शिवराजनं गाडी चालू केली, बॉनेट उघडं ठेवलं, आणि आपला चहाचा काचेचा ग्लास इंजिनच्या झाकणावर ठेवून दिला. दोघं बघत उभे राहिले. काहीच झालं नाही. गाडी चालू होती आणि चहावर साय धरली. “बग,” शिवराज म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, “बग, लेका. आता आत बस आन् डॅशवर हात ठेवून सांग, हलायलंय का.” संघपालनं हात डॅशवर ठेवला नाही. त्यानं ग्लास उचलला. उजव्या हातानं. हात कसा, तर शीर शोधताना असतो तसा. सायीसकट चटका बसेल असा चहा तो एका दमात प्यायला, आणि रिकामा ग्लास खाली ठेवला नाही. ठेवला असता तर हात मोकळा झाला असता. ग्लास घेऊनच तो गाडीत बसला आणि ग्लास घेऊनच निघाला. “अय, माझा ग्लास,” शिवराज मागून ओरडला. संघपालनं खिडकीतून ग्लास हलवून त्याचा निरोप घेतला.

रविवारी निघाले. रोहिणी खुशीत होती. “पाणी डचमळत न्हाय बगा,” ती बाटली धरून म्हणाली, “आता कशी शहाण्यासारखी चालायलीय.” संघपाल दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून होता. वाटेत कुठं थांबायला लागू नये एवढंच तो बघत होता. गतिरोधक आला तरी गाडी रेंगाळत ठेवायचा, उभी करायचा नाही. एका ठिकाणी रस्त्यात म्हैस उभी होती, तिला त्यानं कच्च्या रस्त्यावर उतरून वळसा घातला. “एवढी कसली घाई?” रोहिणी म्हणाली. घाई नव्हती. तो हिशेब लावत होता की पेट्रोल असेपर्यंत माणसाला न थांबता कुठवर जाता येईल, आणि मग रोहिणीला काय सांगता येईल. मूर्ती ठार स्थिर होती. थरथर होती तोवर तिच्या शांतीत काही कर्तबगारी होती. आता नुसतीच बसली होती. तेरच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागतं. ते लांबून उघडं दिसलं, आणि त्यानं ॲक्सिलरेटर दाबला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत फाटकाचा दांडा सावकाश, अदबीनं खाली आला. पुढं उसाची ट्रॉली होती. तो तिच्यामागं उभा राहिला. न्यूट्रल केलं. हँडब्रेक ओढला. गाडी इतकी शांत की रोहिणी म्हणाली, “बंद केली का?” “न्हाय. चालू हाय.” मग त्याला हाताला द्यायला काम सापडेना. काच आधीच खाली होती. फोन मागच्या सीटवर. ग्लास घरी. उजवा हात मांडीवर आला आणि सुरू झाला. त्यानं काही विचार न करता डावा तळवा उघडला, उजवा हात त्यावर ठेवला, आणि धरून बसला.

मेंढ्या आल्या. फाटकापाशी अडलेला कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी सरकू लागला, लोकर दाराला घासत होती. त्यांच्यामागं एक म्हातारा, खांद्यावर घोंगडं, काखेत नुकतं जन्मलेलं कोकरू. तो खिडकीशी येऊन थांबला. आत बघितलं. संघपालच्या हातांकडं बघितलं. आणि मोकळा तळहात खिडकीतून आत केला. “मगाधरनं बगायलोय, लई मन लावून मळताव. द्या की चिमूटभर.”

तो तळहात संघपालच्या छातीसमोर होता. भेगांचा, मातीचा, माणसाचा तळहात. संघपालला वाटलं, आपण ‘संपली’ म्हणावं. तेवढं म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं आहे; उद्या चंची घ्यायची, आणि मग निभतं बरीच वर्षं. “तंबाखू न्हाय हो बाबा,” तो म्हणाला. “गाडी थरथरायलीय. जुनी हाय.” म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला, एक पाऊल पुढं जाऊन बॉनेटवर ठेवला, मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा, आणि मान वाकडी करून थांबला. “कुठं?” तो म्हणाला. “गाडी तर ठार झोपलीय. तुमीच हलायलाव.”

रोहिणी पुढं वाकली. स्टेअरिंगच्या पलीकडं, आजवर तिच्या बाजूनं न दिसलेल्या जागी, तिनं पाहिलं. डावा तळवा, त्यावर उजवा हात, आणि फिरणारा अंगठा. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. घरात नवी सून होती तेव्हापासून तिनं ते ओसरीवर पाहिलं होतं.

“गाडी नव्हती, रोहिणी,” संघपाल म्हणाला. “गाडी नव्हतीच.”

तिनं डॅशबोर्डचा खण उघडला. झाकणावरचा गाल रंग उडून पिवळा पडला होता, कोपरा अजून उचललेलाच होता. तिनं चंची काढली आणि संघपालच्या अंगावरून हात लांब करून खिडकीत धरली. “घ्या बाबा. जुनी हाय.” म्हाताऱ्यानं एका हातानं चंची उघडून वास घेतला. “वाळलीय. पण चालंल.” मग काखेतल्या कोकराकडं बघितलं, मग संघपालकडं. “माझा एकच हात मोकळाय. तुमीच मळून द्या. तुमचा हात बसलेलाय.” आणि विचारण्याची वाट न बघता त्यानं चिमूटभर पानं संघपालच्या डाव्या तळव्यावर टाकली, कमरेच्या डबीतला चुना बोटानं लावला, आणि उभा राहिला.

संघपालनं अंगठा टेकवला आणि दाबला. अंगठा थांबला. म्हणजे हलणं थांबलं. मळणं सुरू झालं. आधी तो फिरत होता, आता संघपाल त्याला फिरवत होता. सुई धरताना येते तीच ती शांतता मनगटात उतरली. त्यानं दाब वाढवला, पानं चुरली, दाब कमी केला, हात ऐकत होता. तात्यारावांनी चंची लोकांपासून हात लपवायला घेतली असं सोलापूरनंतर घरात सगळे धरून चालले होते. लपवायला घेतली असेलही. पण पहिल्या दिवशी चंची उघडून त्यांनी अंगठा टेकवला असेल तेव्हा त्यांना हे कळलं असणार, आणि मग गेटवर जीपला टेकून त्यांनी दिवसभर मळली असणार, मागेल त्याला, न मागेल त्याला, कारण मळत होते तेवढा वेळ हात त्यांचा होता. लोण्यासारखी बारीक. आख्ख्या कारखान्यात तशी कुणाची नव्हती.

मालगाडी धडधडत गेली, लांबच लांब. फाटक उघडलं. ट्रॉली हलली. मेंढ्या रुळाकडं पळाल्या. “बास की आता,” म्हातारा म्हणाला, “पीठ करताव काय?” संघपाल मळत राहिला. मागं हॉर्न वाजायला लागले. “अहो, द्या त्यांना,” रोहिणी म्हणाली. “देतो,” तो म्हणाला, “जरा थांब. सोडला की पुन्हा चालू होतंय ते.” रोहिणीनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. “उद्या लॅबला सुट्टी टाका,” ती म्हणाली. “सोलापूरला जायचंय.” त्यानं मान डोलावली. अंगठा थांबवला नाही. मग ती दार उघडून उतरली, गाडीच्या मागं गेली आणि शाळेतल्या पोरांना रांगेत लावावं तसे हात करून मागच्या गाड्यांना बाजूनं सोडू लागली. एका जीपवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, “काय झालं बाई?”

“बंद पडलीय,” रोहिणी म्हणाली. “जा तुमी पुढं.”

गाडी चालू होती. शेजारून जाणाऱ्या कुणालाच कळलं नाही.